जागा भाड्याने देणे आहे : प्रस्तावना

गुंतवणुकीचे घर ही संज्ञा मराठी व्यवहारात अलीकडची आहे; पण मालकाने स्वतः न राहता दुसऱ्याला राहू द्यावे आणि त्याच्या भाड्यावर उत्पन्न काढावे, या हेतूने उभारलेल्या वास्तू महाराष्ट्राला नव्या नाहीत. गिरगाव-लालबागच्या खाजगी चाळी आणि पुण्याच्या पेठांमधील वाड्यांत बिऱ्हाडांना दिलेल्या खोल्या या त्याच जातीच्या होत. फरक पडला तो मालकाच्या स्वरूपात. चाळीचा मालक हा बहुधा व्यापारी किंवा सावकार असे आणि भाडे हा त्याचा धंदा असे. १९६० नंतर सहकारी गृहनिर्माण संस्था व मालकीचे फ्लॅट रूढ झाल्यावर घरमालकी नोकरदार कुटुंबांपर्यंत पोहोचली आणि राहत्या फ्लॅटखेरीज दुसरा फ्लॅट घेऊन तो भाड्याने देणारा, धंद्याची सवय नसलेला एक नवाच घरमालक उदयाला आला. प्रस्तुत ग्रंथ या नवख्या घरमालकासाठी आहे, आणि त्याचा विषय मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे : महाराष्ट्रातील एखाद्या शहरात, चालू सोसायटीतला, वीस-तीस वर्षांचा जुना फ्लॅट विकत घेणे, तो राहण्याजोगा करणे आणि भाड्याने देणे.

या व्यवहाराच्या मुळाशी एक भीती आहे आणि ती समजल्याशिवाय पुढील कोणतेही प्रकरण नीट उलगडणार नाही. ‘भाडेकरू ठेवला म्हणजे घर गेले’ हे वाक्य अनेक मराठी घरांत आजही शहाणपणाचे वाक्य म्हणून उच्चारले जाते. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यामागे अनेक कारणे आहेत, तरी भाडेकरूचे भय हे त्यांतील एक आहे याविषयी अभ्यासकांत फारसा वाद नाही. ही भीती निराधार नाही, परंतु ती शिळी आहे, आणि शिळी कशी झाली हे पाहण्यासाठी कायद्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई इतकी वाढली की १९१८ मध्ये सरकारला भाड्यांवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. तात्पुरता म्हणून आलेला हा विचार पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात स्थिरावला. या कायद्याने ‘प्रमाण भाडे’ ही कल्पना रूढ केली. प्रमाण भाडे म्हणजे मालकाला कायद्याने घेता येईल एवढेच भाडे, आणि जुन्या जागांसाठी ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्याच पातळीवर बांधले गेले. त्याचबरोबर, भाडेकरू ते भाडे देत असेल आणि देण्यास राजी असेल तोवर, कायद्यात सांगितलेल्या मोजक्या कारणांवाचून त्याला बाहेर काढता येणार नाही, असे संरक्षणही मिळाले. युद्धोत्तर टंचाईत व फाळणीच्या लोंढ्यात या संरक्षणाची गरज होती हे मान्य केले, तरी दरवर्षी महागाई वाढत असता भाडे मात्र दशकानुदशके जागच्या जागी राहिल्याचा परिणाम इमारतींच्या भिंतींवर दिसू लागला. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून मालक दुरुस्ती करीनात. आणि अखेर १९६९ मध्ये जुन्या मुंबईतील अशा इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमावे लागले. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा आजही जाहिरातींत दिसणारा शब्द तिथून आला.

कायद्याने जे दार बंद केले त्याला पागडीने खिडकी पाडली. पागडी म्हणजे नव्या भाडेकरूने जागेचा ताबा मिळवण्यासाठी मालकाला, किंवा जुन्या भाडेकरूला, किंवा दोघांनाही एकरकमी दिलेला मोबदला. १९४७ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला होता, आणि तरीही मुंबईतील निम्म्या जुन्या बाजारपेठा त्याच्यावरच चालल्या असे म्हटल्यास अतिशयोक्ती फार होणार नाही. दुसरी पळवाट होती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. येथे दोन संज्ञांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण बोलीभाषा दोघांनाही ‘भाडेकरू’ म्हणते आणि कायदा म्हणत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार भाडेपट्टा केला की जागेतील काही हक्क भाडेकरूकडे जातो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमानुसार लायसन्स दिले की केवळ वापराची परवानगी जाते, हक्क मालकाकडेच राहतो. मालकांनी अर्थातच दुसरा मार्ग धरला, आणि म्हणूनच १९७३ चा धक्का त्यांना विशेष बसला : त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत राहणारे सर्व जण संरक्षित भाडेकरू मानले गेले. परवानगीने आलेला माणूस एका रात्रीत हक्काचा झाला. ‘घर गेले’ या वाक्याची खरी जन्मतारीख शोधायची तर ती येथे सापडते.

पुढची हकिकत मात्र त्या वाक्याइतकी लोकांच्या तोंडी पोहोचली नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोठवलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अन्यायकारक झाले आहे असे मत दिले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या अधिनियमाने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बव्हंशी कायम ठेवले, पागडीला मान्यता दिली, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याला मुदत संपताच जागा सोडणे बंधनकारक केले. तो न सोडेल तर मालकाने दिवाणी न्यायालयाची वर्षानुवर्षांची वाट न धरता ‘सक्षम प्राधिकारी’ या विशेष अधिकाऱ्याकडे जावे, लेखी करार हाच त्यातील बाबींचा निर्णायक पुरावा मानला जावा, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागावी, अशी ही रचना आहे. तिची किंमत एकच : करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून टोचणारी गोष्ट अशी की, नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारून हजार-दोन हजार रुपये वाचवणारे मालक स्वतःच्या हाताने १९७३ परत आणतात, हे या ग्रंथाचे एक प्रमुख प्रतिपादन आहे.

भय दूर झाले की त्याच्या जागी बहुधा उलट टोकाचा उत्साह येतो, आणि तो अधिक महाग पडतो. फ्लॅटची किंमत वाढेल या आशेला आणि फ्लॅटपासून भाडे मिळेल या हिशेबाला नवखा गुंतवणूकदार एकच समजतो. या दोहोंची फारकत करण्यासाठी एक काल्पनिक, परंतु पुण्याच्या उपनगरात सहज शक्य असे उदाहरण घेता येईल. साठ लाखांचा जुना फ्लॅट आहे आणि महिन्याला अठरा हजार भाडे अपेक्षित आहे. दलाल सांगेल की वर्षाचे दोन लाख सोळा हजार, म्हणजे ३.६ टक्के. आता पुण्यातील सात टक्के मुद्रांक शुल्काचे चार लाख वीस हजार, नोंदणी फीचे कमाल मर्यादेनुसार तीस हजार, दलालीचे साठ हजार आणि दुरुस्तीचे चार लाख मिळवले की गुंतवणूक एकोणसत्तर लाख दहा हजारांवर जाते. दुसरीकडे वर्षात एक महिना जागा रिकामी राहिली तर भाडे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार उरते. त्यातून सोसायटीचे मेंटेनन्स तीस हजार, मालमत्ता कर दहा हजार, नव्या भाडेकरूसाठी दलालाचे एक महिन्याचे भाडे आणि किरकोळ दुरुस्तीचे दहा हजार वजा केले की हाती एक लाख तीस हजार राहतात. दर झाला १.९ टक्क्यांहूनही कमी. अठ्ठेचाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले असेल तर मासिक हप्ता सुमारे साडेएक्केचाळीस हजार होतो. ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ हे वाक्य कोणी उच्चारले तर त्याला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवणे पुरे. कर्जाच्या बाबतीत आणखी एवढेच नोंदवावे की रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार पंच्याहत्तर लाखांवरील गृहकर्ज घराच्या मूल्याच्या पंच्याहत्तर टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि मुद्रांक शुल्क व दुरुस्ती ही बहुधा पदरच्या पैशांतूनच करावी लागते.

मग हा व्यवहार करावाच का, असा प्रश्न रास्त आहे. ग्रंथाचे उत्तर असे की, तो करण्यासारखा तेव्हाच ठरतो जेव्हा खरेदीची किंमत बाजारभावापेक्षा खाली बसते; आणि किंमत खाली बसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे घराची अवस्था. म्हणूनच दुरुस्ती हा विषय येथे सजावटीचा नसून हिशेबाचा आहे. जुन्या फ्लॅटचे आणखीही एक बलस्थान आहे : बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर वस्तू व सेवा कर भरावा लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीवर तो नाही, आणि खरेदीदाराला जे मिळणार ते डोळ्यांसमोर उभे असते.

कागदपत्रांचे प्रकरण ग्रंथात मोठे आहे. प्रस्तावनेत त्यातील एकाच धाग्याकडे लक्ष वेधणे उचित होईल. जुन्या फ्लॅटची मालकी ही करारांची साखळी असते : बिल्डरपासून पहिल्या खरेदीदाराकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, आणि प्रत्येक कडीचा नोंदणीकृत करार व त्याचा ‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणी कार्यालयाने दिलेला व्यवहाराचा गोषवारा, हाती असला पाहिजे. सोसायटीचे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, हे सभासदत्वाचा पुरावा आहे. अनेक जण समजतात तसे ते मालकीच्या कराराला पर्याय नव्हे. या साखळीच्याही खाली जमीन असते. ती सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही, म्हणजे अभिहस्तांतरण, ज्याला लोक ‘कन्व्हेयन्स’ म्हणतात, ते पूर्ण आहे की नाही, हे मिळकत पत्रिकेवरून कळते. १९६३ च्या मालकी फ्लॅट अधिनियमाने बिल्डरवर ते करून देण्याचे बंधन घातले असूनही असंख्य सोसायट्यांच्या जमिनी कागदोपत्री बिल्डरच्याच राहिल्या, म्हणून २००८ मध्ये त्याच्या संमतीवाचून होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. जाहिरातीत ‘लवकरच रिडेव्हलपमेंट’ असे लिहून वाढीव भाव मागणाऱ्या विक्रेत्याला पहिला प्रश्न कन्व्हेयन्सचा विचारावा. उत्तर ऐकून भाव बहुधा खाली येतो.

घर पाहण्याचा महिना कोणता, याला दलालांच्या बोलण्यात स्थान नाही, पण असायला हवे. कोकण, मुंबई आणि घाटमाथ्याच्या शहरांत घराचे खरे रूप जुलै-ऑगस्टमध्ये दिसते. दिवाळीनंतर नव्या रंगाखाली सगळ्याच भिंती सारख्या दिसतात. ओल ही जुन्या फ्लॅटची मुख्य व्याधी असून तिचे निदान चुकले की सारा खर्च वाया जातो. भिंतीवर पांढरी पूड फुटली असेल, ज्याला गवंडी ‘लोणा लागला’ म्हणतात, तर पाणी विटांतील क्षार घेऊन बाहेर येत आहे असे समजावे आणि पाण्याचा उगम शोधावा, रंगाचा डबा नव्हे. छताचा गिलावा ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येणे, किंवा लोखंडी सळीच्या रेषेत तांबूस तडा दिसणे, हे त्याहून गंभीर. सळई गंजून फुगली आणि तिने काँक्रीट ढकलून फोडले, असा त्याचा अर्थ, आणि ही दुरुस्ती एका फ्लॅटपुरती राहत नाही. इमारतीला तीस वर्षे झाली असतील तर तिचे संरचनात्मक परीक्षण, लोकभाषेत ‘स्ट्रक्चरल ऑडिट’, झाले आहे का आणि त्यात काय निघाले, हे सोसायटीच्या कार्यालयात विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

बाथरूमच्या गळतीला स्वतंत्र विवेचन दिले आहे, कारण महाराष्ट्रातील सोसायट्यांत शेजाऱ्यांचे जितके वैर पार्किंगवरून होते तितकेच वरच्या मजल्याच्या पाण्यावरून होते. बाथरूम व संडासाखालचा स्लॅब बऱ्याच इमारतींत मुद्दाम खाली बसवलेला असतो. त्या खळग्यात विटांचे तुकडे व चुना-सिमेंट भरून वर फरशी घालतात आणि नळ्या त्यातून जातात. जुन्या लोखंडी नळ्या आतून गंजल्या की हा खळगा पाण्याचे टाके बनतो. वरून नवी टाइल चिकटवणे हा कंत्राटदाराचा आवडता उपाय आहे, कारण तो चार दिवसांत होतो. खरा उपाय म्हणजे भराव उकरून, नळ्या बदलून, जलरोधक थर देऊन, दोन-तीन दिवस पाणी तुंबवून खालच्या छतावर डाग उमटतो का ते पाहणे आणि मगच फरशी घालणे. दोन्हींच्या खर्चात दुपटीचा फरक पडू शकतो, पण पहिल्या उपायाचे आयुष्य अनेकदा एका पावसाळ्याचे ठरते. वायरिंगचेही असेच : जुन्या घरात अर्थिंग नसणे किंवा नावालाच असणे सर्रास आढळते, आणि गिझर, इंडक्शन शेगडी व एसी यांचा भार त्यावर टाकणे म्हणजे भाडेकरूच्या जिवाशी खेळ.

त्यामानाने ज्यांवर नवखे मालक पैसे ओततात त्या गोष्टी भाडे फारसे वाढवत नाहीत. खोटे छत, संगमरवरी फरशी, महागडे मॉड्युलर किचन यांनी फोटो देखणे होतात. भाडेकरू मात्र पाण्याचा दाब, संडासाची स्वच्छता, खिडकीला डासांची जाळी, ओट्याजवळ पुरेसे प्लग आणि कपडे वाळत घालायला जागा पाहतो. भिंत पाडून हॉल मोठा करण्याच्या मोहाबद्दल ग्रंथकर्त्याचे शब्द कठोर आहेत आणि ते योग्यच आहेत : जुन्या इमारतींत पुष्कळ भिंती भार पेलणाऱ्या असतात, आणि संरचना अभियंत्याचे मत, महापालिकेची परवानगी व सोसायटीची संमती यांवाचून त्यांना हात लावणे हे बेकायदा तर आहेच, पण वर राहणाऱ्या सर्वांना धोक्यात घालणारे आहे. राडारोडा जिन्यात टाकल्याने मोडलेली शेजारधर्माची घडी पुढे भाडेकरूला भोगावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

घर तयार झाल्यावर ते कोणाला द्यायचे, या प्रश्नाशी येऊन मराठी मध्यमवर्गाचा सुसंस्कृतपणा अनेकदा अडखळतो. ‘फॅमिलीलाच’, ‘शाकाहारीच’, ‘बॅचलर नको’ या अटी जाहिरातीत राजरोस छापल्या जातात. जात आणि धर्म छापले जात नाहीत, आडनाव विचारून कळतात. खाजगी मालकाला या बाबतीत कायदा बव्हंशी मोकळा सोडतो, तेव्हा प्रश्न विवेकाचा उरतो. पण हिशेबाच्या भाषेतही उत्तर देता येते. निम्म्या इच्छुकांना दारातूनच परत पाठवणाऱ्या मालकाची जागा रिकामी राहते, आणि वर दाखवल्याप्रमाणे एक रिकामा महिना वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाचा सातवा हिस्सा नेतो. विचारायचे ते हे की माणूस भाडे वेळेवर देऊ शकेल का आणि आधीच्या घरमालकाशी त्याचे कसे होते. सोसायटीच्या समितीलाही ‘आमच्याकडे अविवाहित चालत नाहीत’ असे ठरवण्याचा अधिकार ती समजते तितका नाही, आणि सभासदाने घर भाड्याने दिले म्हणून आकारायचे बिनभोगवटा शुल्क शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

करार अकरा महिन्यांचाच असावा हा समज रूढ आहे; वस्तुतः महाराष्ट्रात साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर एकूण भाडे व अनामत रकमेवरील कल्पित व्याज मिळून येणाऱ्या रकमेच्या केवळ पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते, आणि नोंदणी आधारच्या साह्याने घरबसल्या होते. मुंबईत चालणारे ‘हेवी डिपॉझिट’, म्हणजे भाड्याऐवजी मोठी ठेव घेऊन तिच्या व्याजावर जागा देणे, सोपे वाटते. पण मालकाने ती ठेव खर्च केली असेल तर परत देण्याची वेळ येते तेव्हा मुदत संपलेला भाडेकरू घरात आणि मालक कर्जदाराच्या भूमिकेत, अशी अडचण उभी राहते.

प्राप्तिकराविषयी एका बाबीचा उल्लेख येथे हवा, कारण तिचा संबंध दुरुस्तीशी आहे. भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर भाड्याच्या उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्तीवर शून्य खर्च झाला असो वा चार लाख. मात्र घराच्या मूल्यात भर घालणारी भांडवली सुधारणा विक्रीच्या वेळी भांडवली नफ्यातून वजा करता येते, आणि त्यासाठी पावत्या लागतात. गवंड्याला रोख देऊन कागद न घेणाऱ्याला ही वजावट गमवावी लागते. मालक परदेशस्थ असेल, आणि पुण्या-ठाण्यातील कितीतरी फ्लॅटांचे मालक आज अमेरिकेत किंवा आखातात आहेत, तर भाडे कितीही लहान असले तरी त्यातून कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. हे माहीत नसल्याने दोघांनाही नोटिसा येतात.

गोव्याचा भाडेकायदा १९६८ चा व स्वतंत्र असल्यामुळे, तसेच दुकाने व गोदामे यांचा हिशेब निराळा असल्यामुळे, ते विषय ग्रंथात घेतलेले नाहीत. परिशिष्टात कराराचा नमुना आहे आणि त्याला जोडून एक कोरा तक्ता आहे : चावी देताना व घेताना विजेच्या मीटरचा आकडा, पंखे, दिवे, नळ, गिझर, दारांच्या चाव्यांची संख्या आणि प्रत्येक खोलीच्या छताची अवस्था, दोघांच्या सह्यांनिशी. छताचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला आहे व त्यात तारखेबरोबर महिना अक्षरी लिहावा अशी सूचना आहे, कारण मार्चमध्ये कोरडे लिहिलेले छत सप्टेंबरमध्ये कसे निघेल ते त्या तक्त्यावरून सांगता येत नाही.